गढूळ नळीतली कुळकथा

१९०१ च्या जुलैत जर्मनीच्या ऱ्यूगेन बेटावर दोन लहान भावांचा खून झाला. संशय लुडविग टेस्नो या सुतारावर होता. कपड्यांवरचे डाग लाकडाला लावायच्या रंगाचे आहेत, असं तो सांगत राहिला. त्याच वर्षी पाउल उलेनहुट या डॉक्टरने रक्त ओळखायची एक चाचणी जाहीर केली होती. तिने काही डाग माणसाच्या रक्ताचे ठरवले, काही मेंढीच्या. खुनांच्या थोडं आधी बेटावर मेंढ्याही कापून टाकलेल्या सापडल्या होत्या. टेस्नोचा बचाव तिथेच संपला.

कोणता प्राणी कोणाचा किती जवळचा, हे रक्तावरून ठरवण्याची रीत याच चाचणीतून वाढली. सशाला माणसाच्या रक्तातला द्रव टोचला की सशाचं शरीर त्या परक्या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. मग सशाच्या रक्ताचा निवळ काढून तो माणसाच्या रक्तात मिसळला, की नळी गढूळ होते आणि खाली साका बसतो. मेंढीच्या रक्तात तसा साका बसत नाही. पोलिसांना एवढं पुरेसं होतं.

केंब्रिजच्या जॉर्ज नटॉल यांना मात्र मधल्या पायऱ्यांमध्ये रस होता. माणसाचं नाही, पण माणसाच्या जवळच्याचं रक्त असेल तर? जगभरातून त्यांना गाळणकागदाच्या पट्ट्यांवर वाळवलेलं रक्त येऊ लागलं. सुमारे ९०० नमुने, १६,००० चाचण्या. १९०४ मध्ये पुस्तक निघालं. माणसाविरुद्धच्या निवळात चिंपांझी-गोरिलासारख्या मोठ्या कपींच्या रक्ताने भरपूर साका बसला, आफ्रिका-आशियातल्या माकडांच्या रक्ताने कमी, अमेरिकेतल्या माकडांच्या रक्ताने त्याहून कमी. हाडं आणि दात मोजून मांडलेली वंशावळ नळीतही साधारण तशीच उमटली. एवढं हाती लागूनही पुढची काही दशकं बहुतेक जीवशास्त्रज्ञांनी तिकडे फारसं लक्ष दिलं नाही. मला याचं नवल वाटत नाही. हाडं हातात धरता येतात. साका किती बसला, हे मात्र दुसऱ्याच्या नजरेवर विश्वास ठेवून मान्य करायचं.

दरम्यान हाडांनी एक मोठा दावा केला होता. येल विद्यापीठाच्या जी. एडवर्ड लुईस यांना १९३२ मध्ये शिवालिकच्या खडकांत वरच्या जबड्याचा एक तुकडा मिळाला. नाव ठेवलं रामापिथेकस. १९६० च्या दशकात एल्विन सायमन्स आणि डेव्हिड पिलबीम यांनी त्याला माणसाचा थेट पूर्वज मानलं. तो सुमारे १.४ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे माणूस आणि चिंपांझी यांच्या वाटा त्याआधीच फुटलेल्या. पाठ्यपुस्तकांनीही ते उचललं. जबड्याची अर्धी बाजू आरशातल्यासारखी उलटवून पूर्ण कमान रेखाटली होती आणि ती माणसासारखी गोलसर दिसत होती. अर्ध्या पुराव्यावर पूर्ण कमान, धाडसच म्हणायचं.

१९६७ मध्ये बर्कलीच्या व्हिन्सेंट सॅरिच आणि अ‍ॅलन विल्सन यांनी रक्तातल्या अल्ब्युमिन या एकाच प्रथिनावर जुनी युक्ती अधिक काटेकोरपणे लावली. आधी त्यांनी एक शंका मिटवली. प्रथिनं एका वंशात भराभर आणि दुसऱ्यात सावकाश बदलत असतील, तर फरकावरून काळ काढताच येणार नाही. म्हणून माणूस, चिंपांझी, गिबन या सगळ्यांचं अल्ब्युमिन आफ्रिका-आशियातल्या माकडांच्या अल्ब्युमिनशी ताडून पाहिलं. अंतर जवळपास सारखंच निघालं. म्हणजे कोणी फार पुढे धावलं नव्हतं, कोणी रेंगाळलंही नव्हतं. कपी आणि ही माकडं ३ कोटी वर्षांपूर्वी वेगळी झाली असं धरलं, तर माणूस आणि चिंपांझी फक्त सुमारे ५० लाख वर्षांपूर्वी. मग रामापिथेकस माणसाचा पूर्वज कसा? जीवाश्मवाल्यांना ते मुळीच पटेना, आणि हा वाद दहा-पंधरा वर्षं चालला.

तो मिटवला अखेर हाडांनीच. पाकिस्तानातल्या पोटवार पठारावर शिवापिथेकस या जीवाश्म कपीचा चेहरा सापडला आणि १९८२ मध्ये पिलबीम यांनी स्वतःच त्याचं वर्णन छापलं. तो माणसासारखा नव्हे, ओरांगउटानसारखा होता. रामापिथेकस त्या शिवापिथेकसमध्येच विलीन झाला. आपल्या जुन्या दाव्याविरुद्धचा पुरावा पिलबीम यांनी आपल्याच नावाने मांडला, हे मला या सगळ्या गोष्टीत सर्वांत आवडतं.

निवळाची चाचणी अंतर सांगते, फांद्या फुटण्याचा क्रम नीट सांगत नाही. माणूस, चिंपांझी आणि गोरिला यांच्यापैकी आधी कोण वेगळा झाला, हा प्रश्न डीएनएची अक्षरं वाचायला येईपर्यंत लोंबकळत राहिला. उत्तर मिळालं: गोरिला. पण २०१२ मध्ये गोरिलाचा पूर्ण जीनोम छापून आला, तेव्हा दिसलं की सुमारे ३० टक्के भागांत तो माणसाच्या किंवा चिंपांझीच्या जास्त जवळ आहे, त्या दोघांच्या एकमेकांशी असलेल्या नात्यापेक्षाही. वाटा फुटल्या तेव्हा पूर्वजांच्या कळपात एकेका जनुकाच्या अनेक आवृत्त्या होत्या, आणि कोणती आवृत्ती कोणाच्या वाट्याला उरली, हे प्रत्येक जनुकात वेगळं ठरलं. आता वंशावळ मांडणारे संशोधक आधी हजारो जनुकांच्या वेगवेगळ्या वंशावळी काढतात, आणि मग त्यांच्यातल्या मतभेदांचा हिशेब मांडून प्रजातींची एक वंशावळ ठरवतात.