शाळेमागच्या पत्र्याच्या शेडविषयी

आपल्या मेळाव्यापुढे एक सूचना आली आहे. शाळेमागची जुनी सायकल शेड पाडावी आणि माजी विद्यार्थ्यांच्या निधीतून तिथे गाड्या लावायला पेव्हर ब्लॉक बसवावेत, अशी. त्यावर हात वर करण्याआधी त्या शेडचा इतिहास एकदा आठवू या.

सायकल आपल्याकडे आधी विलायती वस्तू म्हणून आली. आपल्या आजोबांच्या तोंडी रॅले आणि बीएसए ही नावे असत. स्वातंत्र्यानंतर १९५१ साली सोनिपतला ॲटलस आणि १९५६ साली लुधियान्याला हिरोच्या सायकली तयार होऊ लागल्या, तेव्हा कुठे कारकुनाला, कामगाराला सायकल परवडू लागली. तरी ती चैनच समजली जाई. महाराष्ट्रातल्या अनेक नगरपालिका सायकलीवर वर्षाचा कर घेत आणि पत्र्याचा बिल्ला देत. दिवा नसला किंवा डबलसीट सापडलो तर दंड, हे आपल्या वडिलांनी भोगलेले आहे. आमच्या शेजारचे काका नाशिकरोडच्या प्रेसमध्ये पाळीला सायकलने जात. रविवारी ती उलटी करून पुसत, आणि तेवढा वेळ आम्हाला पायडल फिरवायला मिळे.

घरात पहिली सायकल वडिलांची, दुसरी भावाची. मुलीची पाळी आली तर तिसरी. आम्ही शिकलो ते तासाच्या भाड्याच्या सायकलीवर, दांडीखालून पाय घालून.

आपण १९९५ साली दहावी झालो. तेव्हा शेडमध्ये घोड्यावर लावलेल्या सायकलींच्या दोन ओळी असत, मुलांची लांब आणि मुलींची आखूड. पंचवटीकडून येणाऱ्या आम्ही चौघी होळकर पूल ओलांडून रविवार कारंजा, अशोक स्तंभ करत यायचो. घरचे कोणी सोबत नसलेला आयुष्यातला तो पहिला रस्ता. सुटल्यावर कोणाची चेन पडली तर बाकीच्या थांबत. शिपाई मामा हवेचा पंप देत, पण हात काळे आपलेच करायला लावत.

त्या आखूड ओळीतली एक सायकल नववीत कमी झाली. आपल्या वर्गातली ती मैत्रीण, नाव लिहीत नाही. तिच्या घरच्यांनी सिडकोत घर घेतले. शाळा सहा-सात किलोमीटर लांब गेली. घरात सायकल एकच होती, ती भावाला मिळाली. बसला दोन जणांचे पैसे नव्हते. दिवाळीनंतर ती आलीच नाही. हजेरीत काही दिवस तिचे नाव पुकारले गेले, मग तेही थांबले. मेळाव्याच्या यादीत तिचे नाव नाही, कारण यादी दहावीच्या निकालावरून केली आहे.

हे एका घराचे दुर्दैव असे मी बरीच वर्षे समजत होते. २००६ साली बिहार सरकारने नववीत जाणाऱ्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात केली. पुढे अभ्यासकांनी पाहिले, तर माध्यमिक शाळेत मुलींची नोंदणी सुमारे ३२ टक्क्यांनी वाढली होती. शाळा जिथून तीन किलोमीटरहून लांब, त्या गावांत फरक जास्त होता. आपल्या जिल्ह्यातही पेठ, सुरगाणा अशा तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून मुलींना सायकली मिळतात. म्हणजे अडचण अंतराची होती, आणि तिला उपाय होता.

शेड मात्र दुसऱ्याच कारणाने रिकामी झाली. १९७२ साली लुना आली, १९८४ साली कायनेटिक होंडा, पुढे स्कूटी आणि ॲक्टिव्हा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे सोळाव्या वर्षी फक्त ५० सीसीपर्यंतची गाडी चालवता येते. आजच्या बहुतेक स्कूटर शंभर सीसीच्या पुढच्या, म्हणजे अठरा पूर्ण हवीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालकाला २५,००० रुपये दंड आणि कैदही होऊ शकते. तरी शाळेजवळच्या गल्लीत दहावीच्या मुलांच्या गाड्या उभ्या दिसतात. बाकीची मुले रिक्षाने, नाहीतर आईबापांच्या गाडीतून फाटकापर्यंत येतात. नाशिकच्या महाजन बंधूंनी २०१५ साली अमेरिका आडवी पार करणारी सायकल शर्यत पूर्ण केली, तेव्हा आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आपल्या मुलांना मात्र आपण शाळेपर्यंतही सायकल देत नाही. रस्ते तसे राहिले नाहीत हे खरे आहे, मीही मुलीला गाडीनेच सोडत होते.

आता हिशेब. एका मोटारीला साधारण साडेबारा चौरस मीटर जागा लागते, तेवढ्यात दहा सायकली बसतात. आपल्या मोटारी वर्षातून एक दिवस येणार. शेड रोज लागणार.

म्हणून माझी सूचना अशी: शेड पाडू नये, पत्रे बदलावेत, पंप नवा घ्यावा. उरलेल्या पैशातून लांबून येणाऱ्या मुलींसाठी शाळेच्या मालकीच्या काही सायकली ठेवाव्यात. कोणाला द्यायच्या ते बाईंनी आणि सरांनी ठरवावे, त्यांना घरे माहीत असतात. मेळाव्याच्या दिवशी मोटारी बाहेर लावून आपण थोडे चालत येऊ.

आणि त्या मैत्रिणीचा पत्ता कोणाकडे असेल तर मला कळवा. तिलाही बोलवायचे आहे.