समुद्राचा कायदा कोणीं लिहावा?

पिंपरी-चिंचवड आणि चाकण हा कारखान्यांचा टापू समुद्रापासून दूर, घाटमाथ्याच्या अलीकडे वसलेला आहे. तरी चाकणच्या मोटारी परदेशीं जातात त्या न्हावा-शेवा व मुंबई येथील बंदरांतूनच. समुद्रावरील नियम कोण करतो, हा प्रश्न म्हणूनच ह्या टापूला परका नाहीं. आणि त्याचें मर्म जाणावयाचें तर शंभर वर्षें मागें गेलें पाहिजे.

५ एप्रिल १९१९ रोजीं ‘लॉयल्टी’ नांवाची आगबोट मुंबईहून लंडनला निघाली. सोलापूरचे वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी प्रभृतींनीं स्थापिलेल्या सिंदिया कंपनीची ही पहिली बोट. बोट मिळाली, खलाशी मिळाले. पण माल मिळेना. ब्रिटिश कंपन्यांनीं भाडीं उतरविलीं. शिवाय जो व्यापारी आपला सर्व माल त्यांच्याच बोटींतून धाडील, त्याला भाड्याचा कांहीं भाग मागाहून परत देण्याची युक्ति त्यांच्यापाशीं होतीच. व्यापारी दुसऱ्या बोटीकडे वळला कीं ती रक्कम बुडाली! १९२३ मध्यें सिंदियाला अखेर तडजोड पत्करावी लागली, आणि दहा वर्षें हिंदुस्थान, ब्रह्मदेश व सिलोन यांच्या किनाऱ्यांपुरतेंच राहण्याची अट मान्य करावी लागली.

मग हा झगडा बंदरांतून कायदेमंडळांत गेला. किनाऱ्यावरील वाहतूक क्रमाक्रमानें हिंदी जहाजांसाठीं राखावी, अशी शिफारस मर्कंटाइल मरीन कमिटीनें १९२४ मध्यें केली. १९२८ मध्यें साराभाई नेमचंद हाजी यांनीं त्याच अर्थाचें बिल मध्यवर्ती असेंब्लींत आणलें. तें कायद्याच्या रूपास पोंचलें नाहीं. उलट १९३५ च्या कायद्यानें ब्रिटिश जहाजांशीं भेदभाव करण्यासच मनाई केली. आपला किनारा आपल्या जहाजांना मिळाला तो स्वातंत्र्यानंतर, १९५० च्या सुमारास. बोट एका सौद्यांत घेतां आली. नियम बदलावयास तीस वर्षें लागलीं.

आज समुद्रावर नवीं वाहनें आलीं आहेत. ८ एप्रिल २०१६ रोजीं अमेरिकेच्या स्पेसएक्स कंपनीच्या अग्निबाणाचा खालचा टप्पा, आपलें काम उरकून, अटलांटिकमधील निर्मनुष्य तराफ्यावर उभाच्या उभा उतरला. ऑक्टोबर २०२४ मध्यें ‘मातंगी’ ह्या स्वयंचलित नौकेला मुंबईहून तुतिकोरीनच्या सफरीसाठीं निशाण दाखविण्यांत आलें. परंतु टक्कर टाळण्याचे १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम सांगतात कीं, प्रत्येक जहाजानें डोळ्यांनीं व कानांनीं पहारा ठेवावा; १९८२ चा सागरी करार म्हणतो कीं, प्रत्येक जहाज लायक कप्तानाच्या ताब्यांत असावें. जेथें माणूसच नाहीं, तेथें डोळे कोणाचे? आणि अंधारांत कोंकणांतील एखाद्या कोळ्याची होडी आडवी आली, तर जबाब कोणीं द्यावयाचा?

लंडनच्या आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनें ह्या दृष्टीनें केलेली जुन्या नियमांची छाननी २०२१ मध्यें पुरी झाली, आणि पुढें नव्या संहितेचें काम हातीं घेतलें गेलें. अशा वेळीं यंत्रें करणारे, जहाजांचे मालक व खलाशांचे संघ, ज्याचें हित त्यांत गुंतलें आहे तो प्रत्येकजण आपलें म्हणणें मांडणारच.

वालचंदांनीं पुणें जिल्ह्यांत वसविलेल्या वालचंदनगरच्या कारखान्यानें इस्रोच्या अग्निबाणांचीं आवरणें घडविलीं आहेत. घडविण्याचें कसब ह्या जिल्ह्याला आहे. पण कसब असून नियम दुसऱ्याच्या हातीं राहिले म्हणजे काय होतें, हें ‘लॉयल्टी’च्या इतिहासानें दाखविलें आहे. नवे नियम लिहिले जात असतां कारखानदारानें बोलावें, हें योग्यच. परंतु रत्नागिरीच्या खलाशातर्फे आणि त्या होडींतल्या कोळ्यातर्फेहि कोणी बोललें पाहिजे. नाहीं तर पुढचीं तीस वर्षें त्यांचीं जातील.