वळणाची परीक्षा

मोटारशर्यतींचा इतिहास सांगणारे बहुतेक लोक इंजिनापासून आरंभ करतात, आणि त्यात नवल नाही. कारण इंजिनाचे सामर्थ्य एका आकड्यात सांगता येते, तो आकडा जाहिरातीत छापता येतो, आणि त्या सामर्थ्याची गर्जना कुंपणाबाहेर उभ्या असलेल्या, तिकीट न काढलेल्या माणसालाही फुकट ऐकू येते. गाडी वळणावर कितपत हातात राहते, ब्रेक शंभराव्यांदा दाबला असता पहिल्यांदाइतकाच लागतो की नाही, आणि चक्रापाशी बसलेल्या माणसाला या दोहोंची मर्यादा कितपत ओळखता येते, या गोष्टींना तसा सुटसुटीत आकडा नसल्यामुळे त्यांची नोंद बहुधा समासात होते. परंतु दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वीस वर्षांत इंग्लंडमध्ये हा मानाचा क्रम उलटला, आणि आधी ब्रेक, मग वळण, मग चालकाची तयारी, व या सर्वांची व्यवस्था लागल्यावर गाठीस काही उरलेच तर अश्वशक्ती, अशी एक परंपरा तेथे रूढ झाली. या परंपरेचे मूळ शोधू लागले म्हणजे सिद्धान्तापेक्षा टंचाईच अधिक आढळते.

त्यापूर्वीचा शिरस्ता नेमका याच्या विरुद्ध होता. इंग्लंडात सार्वजनिक रस्ता बंद करून शर्यत भरवण्यास कायद्याची मुभा नव्हती. म्हणून ह्यू लॉक किंग या जमीनदाराने सरे परगण्यात वेब्रिजजवळ स्वतःच्या मालकीच्या जमिनीवर, पदरमोड करून, सुमारे पावणेतीन मैलांचा काँक्रीटचा मार्ग बांधला आणि १९०७ साली तो खुला केला. हेच ते ब्रुकलँड्स. तेथील वळणांची बाहेरची कड जवळजवळ तीस फुटांपर्यंत उचललेली होती, जेणेकरून गाडीने वेग न सोडता त्या उतारावरून गोल फिरावे; म्हणजे वळण नावाच्या संकटाचा बांधकामातच बंदोबस्त करून टाकला होता. अशा मार्गावर ज्याचे इंजिन मोठे त्याचे राज्य, हे ओघानेच आले. ऑक्टोबर १९३५ मध्ये जॉन कॉबने ज्या नेपिअर-रेल्टन गाडीतून तेथे ताशी १४३.४४ मैलांचा विक्रम केला आणि जो पुढे कोणीही मोडला नाही, त्या गाडीत चोवीस लिटरचे, बारा सिलिंडरांचे विमानाचे इंजिन बसवलेले होते, आणि ब्रेक मात्र केवळ मागच्या दोन चाकांना होते. यात बांधणाऱ्यांचा हलगर्जीपणा शोधण्याचे कारण नाही. त्या मार्गावर ब्रेक जोराने दाबण्याचा प्रसंगच क्वचित येत असे.

१९३९ साली युद्ध सुरू झाले, ब्रुकलँड्स विमानांच्या उत्पादनासाठी गेले, आणि शर्यतींच्या उपयोगाला पुन्हा कधी आले नाही. मात्र त्याच युद्धाने देशभर जी विमानतळे उभी केली होती त्यांतील अनेक शांतता होताच ओस पडली, आणि धावपट्ट्यांभोवतीचे त्यांचे रस्ते शर्यतवाल्यांच्या दृष्टीस पडले. गुडवुड आणि सिल्व्हरस्टोन येथे १९४८ साली शर्यती सुरू झाल्या. स्नेटरटन, कासल कोम्ब हीही मूळची विमानतळेच. विमानाला वळणाच्या कडेची उंची लागत नाही; त्यामुळे हे रस्ते सपाट होते, आणि सपाट रस्त्यावरचे वळण घ्यायचे तर आधी वेग उतरवणे भाग होते. ब्रुकलँड्समध्ये ज्या ब्रेकला विचारत नव्हते त्याच्याकडे अशा रीतीने पुन्हा दाद मागण्याची पाळी आली.

त्यातच पेट्रोलचे नियंत्रण मे १९५० पर्यंत चालू राहिले आणि मध्यमवर्गीय हौशी माणसाच्या खिशात पैसा तर नव्हताच. १९३९ साली स्थापन झालेल्या ७५० मोटर क्लबाने या परिस्थितीवर जो तोडगा काढला तो त्या काळास साजेसाच होता: १९२२ साली अवतरलेल्या ऑस्टिन सेव्हन या पाऊण लिटरच्या चिमुकल्या गाडीचे जुने सांगाडे स्वस्तात मिळत, ते घ्यावेत, घरामागच्या पडवीत स्वतःच्या हाताने उतरवून पुन्हा जोडावेत, आणि समान अटींवर शर्यत करावी. दुसरीकडे सर्बिटन गावात चार्ल्स आणि जॉन कूपर या पितापुत्रांनी ५०० घनसेंटिमीटरचे मोटारसायकलचे इंजिन चालकाच्या पाठीमागे बसवले, कारण तेथून मागच्या आसाला साखळी जोडणे सर्वांत सोयीचे होते. सोयीसाठी केलेल्या या मांडणीचा परिणाम मोठा निघाला. १९५८ च्या अर्जेंटिना ग्रांप्रीत स्टर्लिंग मॉसने दोन लिटरहूनही लहान इंजिनाच्या कूपरमधून अडीच लिटरच्या फेरारींना मागे टाकले, आणि १९५९ व १९६० या लागोपाठच्या दोन वर्षी जॅक ब्रॅबम कूपरमधूनच जगज्जेता झाला.

७५० मोटर क्लबाच्या मंडळींत कॉलिन चॅपमन नावाचा एक तरुण होता. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात त्याने स्थापत्याचे शिक्षण घेतले होते, आणि पूल उभारताना कोणत्या दांडीवर ताण येतो व कोणती दांडी नुसतीच वजन वाढवते हा जो विवेक तेथे शिकवतात तो त्याने मोटारीला लावला. बापाच्या हॉर्न्सी येथील मद्यगृहामागच्या जुन्या तबेल्यात १९५२ च्या आरंभी त्याने लोटस हा कारखाना काढला. तेथून निघालेल्या मार्क सहा या गाडीचा बारीक नळ्यांचा सांगाडा अवघा पंचावन्न पौंडांच्या आसपास भरे, म्हणजे तो एका माणसाने उचलून नेण्याजोगा होता. वजनाचे हे वेड विनाकारण नव्हते. अश्वशक्ती वाढवली तर लाभ सरळ रस्त्यावर दिसतो. वजन घटवले तर गाडी वेग घेताना, वेग सोडताना आणि वळताना अशी तिन्ही ठिकाणी चलाख होते. १९५७ साली आलेली लोटस सेव्हन ही या विचाराची अगदी उघडीवाघडी आवृत्ती होती: दारे नाहीत, आरामाची साधने नाहीत, आणि इंजिन बेताचे. ती सुट्या भागांत विकत घेऊन घरी जोडली असता खरेदीकर द्यावा लागत नसे, या सरकारी तरतुदीचाही तिच्या लोकप्रियतेत मोठा वाटा होता. १९७३ साली ब्रिटनमध्ये खरेदीकर जाऊन नवा मूल्यवर्धित कर आला, आणि त्याच वर्षी लोटसने सेव्हनचे हक्क केटरहॅम या संस्थेच्या हवाली केले.

ब्रेकची कथा मात्र श्रीमंतांच्या मैदानात घडली. वेग दुप्पट झाला की गाडी थांबवताना निघणारी उष्णता चौपट होते, आणि ती सामावून घेण्याचे काम पूर्वी चाकातील ड्रमकडे होते. ड्रम तापला की फुगतो व आतल्या पट्ट्यांपासून दूर सरतो. चालकाचा पाय खोल जाऊ लागतो, पट्ट्यांचे घर्षण मंदावते, आणि शर्यतीच्या उत्तरार्धात ब्रेकवर भरवसा ठेवता येईनासा होतो. चक्तीचा म्हणजे डिस्कचा ब्रेक उघड्या हवेत फिरतो आणि तापून फुगला तरी पट्ट्यांकडेच सरकतो. विमानांच्या चाकांसाठी डनलॉपने तयार केलेला हा ब्रेक जॅग्वारने शर्यतीच्या मोटारीला बसवला, आणि १९५३ साली ल मॉं येथील चोवीस तासांच्या शर्यतीत त्याची खरी कसोटी लागली. तेथे त्या काळी सुमारे साडेतीन मैलांचा सरळ रस्ता संपताच मुलसानचे जवळजवळ काटकोनी वळण येत असे. साडेपाच लिटरची अमेरिकन कनिंगहॅम त्या सरळ रस्त्यावर जॅग्वारहून वेगवान होती, आणि साडेचार लिटरची फेरारीही सामर्थ्यात जॅग्वारला सहज भारी होती. पण त्या गाड्यांच्या चालकांना मुलसानच्या कितीतरी आधी ब्रेक दाबावा लागे, आणि जॅग्वारवाले तेथे पुष्कळ पुढपर्यंत पाय न उचलता जात. टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांच्या जॅग्वारने त्या चोवीस तासांत ३०४ फेऱ्या केल्या. म्हणजे त्या एकाच वळणाआधी तीनशेहून अधिक वेळा ब्रेक दाबला गेला. त्यांचा सरासरी वेग ताशी १०५.८५ मैल पडला. त्या शर्यतीत सरासरीने शंभरी प्रथमच ओलांडली गेली, आणि ती ब्रेकच्या बळावर ओलांडली गेली हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

आता चालक. टायरची रस्त्यावरील पकड ही ठराविक पगारात संसार चालवणाऱ्या गृहस्थाच्या उत्पन्नासारखी असते: ब्रेकवर जितकी खर्च केली तितकी वळण्यासाठी कमी उरते, आणि दोन्हींसाठी एकदम सढळ हात सोडला तर दिवाळे निघते. म्हणून जाणता चालक गाडी सरळ असतानाच ब्रेकचा मुख्य भार संपवतो; ब्रेकमुळे वजन पुढच्या चाकांवर आलेले असते, त्यामुळे ती चाके वळण्याची आज्ञा तत्काळ मानतात; मग पाय झटक्याने न उचलता हळूहळू सैल करीत तो तितक्याच बेताने चक्र वळवतो, आणि वळणाच्या आतल्या कडेला स्पर्शून गाडी सरळ होऊ लागली की मगच इंजिनाला मोकळीक देतो. आधी घाई केली तर नंतर थांबावे लागते, आणि वळणातून बाहेर पडताना गमावलेला वेग पुढच्या संपूर्ण सरळ रस्त्यावर वसूल होत नाही. अधिक अश्वशक्ती ही चूक झाकते, आणि झाकलेली चूक सुधारण्याची निकड कोणाला वाटत नाही.

या विद्येचे सर्वांत निर्दोष प्रात्यक्षिक १४ मे १९६१ रोजी मोनाकोच्या रस्त्यांवर झाले. मॉसजवळ रॉब वॉकर यांची जुनी लोटस होती; तिच्या चार सिलिंडरांच्या इंजिनाची ताकद दीडशे अश्वशक्तींच्या आसपास, आणि समोरच्या तीन फेरारींची त्याहून बरीच अधिक. शर्यत सुरू होण्याच्या आधी सांगाड्याची एक नळी तडकलेली आढळली. पेट्रोलच्या टाक्या भरलेल्या असताना त्यांभोवती ओले टॉवेल गुंडाळून आल्फ फ्रान्सिस या मिस्त्रीने ती जागच्या जागी सांधली. मग उष्म्यापासून सुटका म्हणून बाजूचे पत्रे काढून टाकलेल्या त्या गाडीतून मॉसने शंभर फेऱ्या केल्या आणि रिची गिंथरच्या फेरारीला ३.६ सेकंदांनी मागे ठेवले. विजयाहूनही एक तपशील अधिक बोलका आहे: आदल्या चाचणीतील त्याची सर्वांत वेगवान फेरी १ मिनिट ३९.१ सेकंदांची होती, आणि शंभर फेऱ्यांची सरासरी १ मिनिट ३९.५ सेकंद पडली. पावणेतीन तासांच्या सरासरीत हा मनुष्य आपल्या चाचणीतील सर्वोत्तमापासून अर्ध्या सेकंदाहूनही कमी अंतरावर राहिला.

तथापि पक्षपात नको. त्याच वर्षी बेल्जियममधील स्पा येथील लांबलचक, वेगवान मार्गावर पहिले चारही क्रमांक फेरारींनी पटकावले आणि मॉस आठवा आला; रस्ता जेथे अश्वशक्तीलाच प्रश्न विचारतो तेथे कौशल्याचे उत्तर अपुरे पडते. हलकेपणाचीही किंमत असते: १९६० साली त्याच स्पा येथे सरावाच्या वेळी लोटसचे मागचे चाक निखळून मॉसचे दोन्ही पाय मोडले होते. शिवाय चॅपमनसारख्या वजनशत्रूनेही ७५० च्या शर्यतीत ऑस्टिनच्या इंजिनाची हवेची वाट युक्तीने दुभागून इतके बळ मिळवले होते की क्लबाला नियमच बदलावा लागला. तेव्हा अश्वशक्तीचा लोभ या परंपरेच्या अध्वर्यूंनाही सुटला नव्हता.

पुढे सुबत्ता आली, इंजिने मुबलक झाली, आणि टंचाईने लावलेली शिस्त आपोआप टिकण्याचे दिवस संपले. नेमक्या त्या वेळी, १९६७ साली, ब्रँड्स हॅच येथे फॉर्म्युला फोर्ड हा प्रकार सुरू झाला: चालक-शाळेतील गाड्यांना महागडी इंजिने परवडेनात म्हणून साधे फोर्डचे इंजिन बसवण्याची जी तजवीज झाली होती तिलाच नियमावलीचे रूप दिले गेले. सर्वांना एकाच जातीचे इंजिन, रस्त्यावरचे टायर, हवेचा दाब वाढवणाऱ्या पंखांना मज्जाव, आणि गाडीच्या किमतीवर हजार पौंडांची मर्यादा. आयर्टन सेना १९८१ साली याच वर्गात इंग्लंडमध्ये जिंकला. आपल्याकडील नारायण कार्तिकेयनने १९९४ साली ब्रिटिश फॉर्म्युला फोर्डची हिवाळी मालिका जिंकली. ऑस्टिन सेव्हनच्या पिढीला गरिबी निवडण्याची मुभा नव्हती. या पिढीने ती कलमे घालून स्वीकारली, कारण सर्वांची इंजिने सारखी झाली म्हणजे पहिला आणि शेवटचा यांतील अंतर कोणाच्या खात्यावर मांडायचे याविषयी शंकेला जागा राहत नाही.