बग्गीतलं न्यायालय

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तसं इलिनॉय राज्याचं ‘आठवं सर्किट’ हे फिरतं न्यायालय बग्गीत. ते १८३९ साली सुरू झालं तेव्हा माळरानावर वस्ती विरळ, खटले थोडे. काउंटीगणिक न्यायाधीश कुठून परवडणार? तेव्हा न्यायाधीशानेच गावोगाव हिंडायचं. पहिली नऊ वर्षं सॅम्युअल ट्रीट हिंडले. सर्किटला खरा रंग चढला तो १८४८मध्ये डेव्हिड डेव्हिस आल्यावर.

डेव्हिस मूळचे मेरिलँडचे. १८३६मध्ये ब्लूमिंग्टनला येऊन त्यांनी वकिली थाटली, एक मुदत विधिमंडळात काढली, १८४७च्या राज्यघटना परिषदेतही ते बसले. न्यायाधीश लोकांनी निवडावेत, असं त्या घटनेत ठरलं आणि पुढच्याच वर्षी मतदारांनी यांना निवडलं.

हद्दीत चौदा काउंट्या. वसंतात एक फेरी, शरदात दुसरी, प्रत्येकी दहा-अकरा आठवड्यांची. चिखल तुडवत न्यायाधीशामागून वकिलांचा तांडा निघे. गावात उतरल्या उतरल्या पक्षकार गाठ घेत आणि कागद नीट वाचून होण्याआधीच पुकारा होई. रात्री खाणावळीत एका पलंगावर दोन-दोन वकील. डेव्हिसांचं वजन तीनशे पौंडांच्या घरात, त्यामुळे पलंग अख्खा त्यांचा! जेवणानंतर त्यांच्याच खोलीत बैठक जमे, आणि गप्पांचा फड रंगवायचा स्प्रिंगफील्डच्या अब्राहम लिंकनने. बाकीचे वकील मधूनच घरी परतत. हे दोघं फेरी पुरी करत. डेव्हिसांना कुठे जायचं झालं तर ते खुर्चीवर चक्क लिंकनना बसवत. १८५७मध्ये लिंकननी इलिनॉय सेंट्रल रेल्वेवर पाच हजार डॉलर फीचा दावा ठोकला, तोही डेव्हिसांपुढे. निकाल लिंकनच्या बाजूने लागला. आज असं कुणी खपवून घेणार नाही.

वस्ती वाढली, रेल्वे आली, तसं सर्किट आटत गेलं. १८५३मध्ये आठ काउंट्या उरल्या, १८५७मध्ये पाच. पण तांड्याची दोस्ती टिकली. १८६०च्या शिकागोतल्या पक्ष-अधिवेशनात लिंकनच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारीची सूत्रं डेव्हिसांनी हलवली, हाताशी लेनर्ड स्वेट यांच्यासारखे सर्किटमधलेच सोबती.

१८६२मध्ये अध्यक्ष लिंकननी त्यांना सर्वोच्च न्यायालयावर नेमलं. चार वर्षांनी मिलिगन खटल्याचा निकाल डेव्हिसांनी लिहिला: मुलकी न्यायालयं उघडी असतील तिथे नागरिकांवर लष्करी खटला चालवता येणार नाही. हे लष्करी खटले लिंकनच्याच कारकिर्दीत सुरू झाले होते.