निळी लिहावी, काळी उरावी

मंडळी, शाळेच्या जनरल रजिस्टरातली एक ओळ माणसाला जन्मभर पुरते. नाव, जात, जन्मतारीख. नोकरी लागताना तीच ओळ दाखवायची, निवृत्त होतानाही तीच. 2023 साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा जुनी दप्तरे पुन्हा उघडली गेली. अशा वेळी सारे काही एका गोष्टीवर येऊन ठेपते : अक्षर टिकले आहे की नाही? म्हणून आज शाईविषयी थोडे बोलू. त्यातही निळ्या-काळ्या शाईविषयी, जिला दुकानात ‘ब्लू-ब्लॅक’ म्हणतात.

आपली जुनी शाई काजळाची. दिव्याचे काजळ धरायचे आणि डिंकाच्या पाण्यात खूप घोटायचे. समर्थांना लेखनसाहित्य इतके मोलाचे वाटले, की दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास त्यांनी लेखनक्रियेलाच दिला. काजळ उन्हाने विटत नाही. पण ते कागदाच्या वरवर बसते. पाणी पडले की पुसते, आणि झरणीत घातले की नळी तुंबते.

युरोपात दुसरी वाट निघाली. ओकच्या झाडावर बारीक कीटकामुळे ज्या गाठी येतात, ती आपली माजूफळे. त्यांच्या तुरट काढ्यात हिराकस घातला की शाई होते. ती लिहिताना फिकी असते. हवा लागली की कागदाच्या धाग्यात मुरून काळी पडते. अडचण एकच : बाटलीतच हवा लागली, तर काळा गाळ तळाशी बसतो.

1832 साली लंडनचे डॉक्टर हेन्री स्टीफन्स यांनी पातळ, न गोठणारी अशी शाई विक्रीस आणली. हे गृहस्थ कवी कीट्सचे वैद्यकशाळेतले सोबती. पुढे 1850 नंतर ड्रेस्डेनच्या ऑगस्ट लिओनहार्डी यांनीही अशीच शाई काढली. युक्ती अशी, की शाई काळी पडण्याआधीच बाटलीबंद करायची. मग लिहिताना अक्षर दिसावे कसे? तर निळा रंग मिसळायचा. त्या काळी तो नीळच असे. म्हणजे लिहिताना निळे, उद्या काळे! ‘निळी-काळी’ हे नाव पडले ते यावरून.

1884 साली अमेरिकेत वॉटरमन यांनी झरणीचे पेटंट घेतले आणि टाक-दौतीचे दिवस भरत आले. आपल्याकडे 1931 साली मुंबईत गिरगावात दांडेकर बंधूंनी घोडाछाप शाईची पूड आणि वड्या करायला घेतल्या. पुढे त्यांचीच कॅमल शाई घरोघर गेली. पुडी आणायची, पाण्यात विरघळवायची, दौत भरायची, हे जुन्या विद्यार्थ्यांना सांगायला नको.

आता गुरुजी, वर्गात एक प्रयोग करून पाहा. हिरड्याची भरड पाण्यात उकळून गाळून घ्या आणि त्यात चिमूटभर हिराकस टाका. पाहता पाहता पाणी काळसर होईल. निळ्या-काळ्या शाईचे मर्म ते हेच. हिराकस पोटात जाऊ देऊ नका, हात धुवायला लावा.

दुसरी परीक्षा बाजारच्या शाईची. कारण आज बाटलीवर ‘ब्लू-ब्लॅक’ लिहिलेले असले, तरी पुष्कळदा तो नुसता रंग असतो, आत लोह नसते. एकाच कागदावर तीन ओळी लिहा आणि कागद दोन दिवस तसाच ठेवा. मग तीन पट्ट्या कापा. पहिली पुस्तकात मिटून ठेवा. दुसरी आठ-पंधरा दिवस उन्हात ठेवा. तिसरी घटकाभर पाण्यात बुडवा. लोहाची शाई असेल तर निळा रंग धुऊन जाईल, पण मागे काळी रेघ उरेल. नुसता रंग असेल, तर तो बहुधा पाण्यात पसरेल, नाहीतर उन्हात उडेल. तिन्ही पट्ट्या शेजारी ठेवा. मुलांना वेगळे सांगावे लागणार नाही.

या शाईचेही दोष आहेत बरे का. ती आंबट असते. हिराकस जास्त झाला तर वर्षानुवर्षांनी कागद खाते, अक्षराच्या जागी भोके पडतात. पेनमध्ये वाळली तर वाट बंद करते. म्हणून आठ-पंधरा दिवसांनी पेन साध्या पाण्याने धुवावे, आणि दोन शाया एकत्र करू नयेत.

आज नोंदी संगणकावर जात आहेत, ते चांगलेच आहे. तरीही गावात हाताने लिहिलेली वही, करारपत्र, इतिवृत्त अजून असतेच. तेव्हा पुढच्या वेळी अशी वही उघडाल, तेव्हा आधी शेवटच्या पानावर आपल्या शाईच्या तीन ओळी ओढून तिची परीक्षा घ्या, आणि मगच पहिले नाव लिहा.