इशाऱ्यातील शब्दांचे परिमाण

1853 साली कलकत्त्यातील हेन्री पिडिंग्टन या माजी नाविकाने गव्हर्नर जनरलला उद्देशून एक पत्र लिहिले. मातला नदीकाठी, आजच्या कॅनिंग येथे, नवे बंदर उभारण्याचा सरकारचा विचार होता. एखाद्या वादळात समुद्राचे पाणी आत घुसेल आणि सारे वाहून जाईल, असे पिडिंग्टनने त्यात बजावले होते. ‘सायक्लोन’ हा शब्द घडवणारा तोच. पत्राची दखल घेतली गेली नाही; बंदर उभे राहिले आणि 1867च्या वादळात उद्ध्वस्त झाले.

शास्त्र बरोबर होते, भाषाही स्पष्ट होती. पण इशारा देण्याची आणि तो मानण्याची कोणतीही ठरलेली रीत तेव्हा नव्हती. ही गोष्ट आज आठवण्याचे कारण म्हणजे आपत्तीचे इशारे कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घ्यावेत, अनेक भाषांत क्षणार्धात तयार करावेत, हा विचार आता जगभर मूळ धरत आहे. अशा मजकुराची गुणवत्ता कशी मोजायची, हा त्यातला खरा प्रश्न. त्याचे बरेचसे उत्तर आपल्याच हवामानशास्त्राच्या इतिहासात पडून आहे, असे मला वाटते.

5 ऑक्टोबर 1864 रोजी कलकत्त्यावर भीषण चक्रीवादळ आदळले. पुढच्याच वर्षी तेथील बंदरासाठी वादळसूचनेची व्यवस्था सुरू झाली आणि 1875 मध्ये भारतीय हवामान विभागाची स्थापना झाली. बंदरांवरील या सूचनांची भाषा कोणती होती? दिवसा डोलकाठीवर चढवलेल्या शंकू-नळकांड्यांसारख्या आकृत्या आणि रात्री लाल-पांढरे दिवे. पुढे स्थिरावलेल्या पद्धतीत असे अकरा संकेत आहेत. त्यांत विशेषण नाही, अलंकार नाही. खलाशी बंगाली असो, तेलुगू असो वा अरब, संकेताचा अर्थ एकच. मला सर्वांत मोलाचा वाटतो तो शेवटचा, अकरावा संकेत. हवामान केंद्राशी संपर्क तुटला आहे आणि हवा बिघडण्याचा धोका आहे असे स्थानिक अधिकाऱ्याला वाटते, एवढेच तो सांगतो. ‘आम्हांला वरून माहिती मिळत नाही’ हे सांगण्यासाठीही त्या जुन्या लोकांनी एक स्वतंत्र खूण राखून ठेवली होती.

पुढे संकेतांची जागा शब्दांनी घेतली. पण शब्दही मोजूनमापून बांधलेले. हवामान विभागाच्या परिभाषेत चोवीस तासांत 64.5 ते 115.5 मिमी म्हणजे जोरदार पाऊस, 115.6 ते 204.4 मिमी म्हणजे अतिजोरदार आणि त्यापुढे अत्यंत जोरदार. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या विभागातील जास्तीत जास्त पाव केंद्रांवर. ‘काही ठिकाणी’ म्हणजे पाव ते निम्म्या. वाचणाऱ्याला ही विशेषणे वाटतात. प्रत्यक्षात ती एकके आहेत. भौतिकशास्त्रात ज्यूलऐवजी कोणी ‘बरीच ऊर्जा’ लिहिले तर आपण हसू.

भाषा-प्रारूपाचा स्वभाव नेमका याच्या उलट आहे. तेच शब्द पुन्हा आले की ते पर्याय शोधते: ‘अतिजोरदार’चे ‘धुवांधार’ करते, ‘तुरळक ठिकाणी’चे ‘ठिकठिकाणी’ करते. वाक्य गोड होते, मोजमाप नाहीसे होते. भाषांतरात धोका आणखी बारीक. ‘समुद्रात जाऊ नये’ या मराठी वाक्याचे सारे सामर्थ्य अखेरच्या दोन अक्षरांत आहे. ती गळली, तर उरलेले वाक्य ओघवतेच वाटेल. साचेबंद मजकुरातली चूक डोळ्यांत खुपते. सफाईदार मजकुरातली लपून राहते.

अर्थात, मोजलेले शब्दही पुरेसे नसतात. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 944 मिमी पाऊस पडला, तर कुलाब्याला सुमारे 73 मिमी. एकाच शहरातील या दोन केंद्रांत जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटरचे अंतर. त्या दिवशी ‘मुंबई’ एवढेच स्थळ सांगणारा इशारा कोणाच्या कामाचा होता? ऑक्टोबर 1999 मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर महाचक्रीवादळ आले, तेव्हा ते येत असल्याचे ठाऊक होते. तरीही सुमारे दहा हजार माणसे गेली. कोठे जायचे आणि तेथे निवारा आहे का, याचे उत्तर बहुसंख्यांपाशी नव्हते. 2013 मध्ये फायलिन आले तोवर निवारे बांधले गेले होते, गावोगावचे स्वयंसेवक तयार होते. सुमारे दहा लाख लोकांना हलवले गेले आणि बळींची संख्या काही डझनांवर राहिली. इशाऱ्यातील ‘तेथे जा’ या शब्दांना तेव्हा प्रत्यक्ष जागा लाभली होती.

अमेरिकी संशोधक डेनिस मिलेटी आणि जॉन सोरेनसेन यांनी 1990च्या अहवालात चांगल्या इशाऱ्याचे घटक मांडले: कोण सांगतो, धोका कोणता, कोठे, केव्हा आणि काय करावे. 2004 मध्ये ‘कॉमन अलर्टिंग प्रोटोकॉल’ हे प्रमाण स्वीकारले गेले. भारताची ‘सचेत’ ही यंत्रणा त्यावरच उभी आहे. त्यात संदेश खरा आहे की सराव, नवा आहे की आधीचा रद्द करणारा, यासाठी ठरलेले रकाने आहेत. निश्चिततेच्या रकान्यात ‘अज्ञात’ हा पर्यायही आहे. अकरावा संकेत येथे पुन्हा भेटतो.

रद्द करण्याचा रकाना क्षुल्लक वाटेल, त्यांनी 13 जानेवारी 2018चे हवाई आठवावे. क्षेपणास्त्र येत असल्याचा खोटा इशारा लाखो फोनांवर गेला आणि तो खोटा असल्याचा संदेश पोचायला 38 मिनिटे लागली. चूक माणसाची होती, यंत्राची नव्हे. पण दुरुस्तीचा मजकूर आधीपासून तयार नव्हता.

2023 मध्ये आपल्याकडे सेल ब्रॉडकास्टच्या चाचण्या झाल्या, तेव्हा प्रयोगशाळेत आम्हां सर्वांचे फोन एकदम कर्कश वाजले. ही चाचणी आहे, काही करण्याची गरज नाही, असा मजकूर होता. शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्याने न वाचताच तो बंद केला. इतक्या थोड्या सेकंदांत जे वाचले जाते, तेवढ्यावरच गुणवत्ता ठरणार.

म्हणून माझे मत असे: धोका, स्थळ, वेळ आणि तीव्रता हे रकाने अधिकाऱ्यानेच भरावेत आणि यंत्राने त्यांतील एकही शब्द बदलू नये. यंत्राला काम द्यावे ते भाषांतराचे आणि सोपेपणाचे. तयार झालेला मजकूर दुसऱ्या कोणीतरी उलट रकान्यांत भरून पाहावा. मूळ नोंदीशी तो जुळला नाही, तर पाठवू नये. चाचणीचे वाचक संपादक नसावेत. पारादीपचा मच्छीमार, वायनाडच्या मळ्यातील मजूर, पुण्यात नुकताच आलेला झारखंडचा विद्यार्थी यांना मजकूर दाखवावा आणि एकच विचारावे: आता तुम्ही काय कराल? आणि एखादा रकाना रिकामा असेल, तर यंत्राने तो अंदाजाने भरता कामा नये. तेथे डोलकाठीवरचा अकरावा संकेत चढवावा.