दोन समुद्रांचा संगम: दारा शुकोहने शोधलेले उत्तर

१/१४
सन १६५७. दिल्लीत यमुनेकाठी निगमबोध येथील आपल्या वाड्यात मुघल साम्राज्याचा ज्येष्ठ शाहजादा काशीच्या पंडितांना आणि संन्याशांना घेऊन उपनिषदांचे फारसी भाषांतर करीत होता. अवघ्या दोन वर्षांनी त्याचा शिरच्छेद झाला. त्याच्यावरील आरोपांत या ग्रंथप्रेमाचाही समावेश होता.

२/१४
हा शाहजादा म्हणजे दारा शुकोह. त्याला एका प्रश्नाने आयुष्यभर पछाडले होते: निरनिराळ्या साधनामार्गांनी चालणारे साधक अखेर एकाच सत्यापाशी पोहोचतात काय? त्याने दिलेले उत्तर आज अनेकदा ‘सर्वधर्मसमभाव’ या एका शब्दात उरकले जाते. प्रत्यक्षात ते अधिक नेमके होते आणि अधिक अडचणीचेही.

३/१४
दाराचा जन्म १६१५ सालचा, अजमेरचा. शाहजहान आणि मुमताज महल यांचा हा थोरला पुत्र. लाहोरचे सूफी संत मियाँ मीर यांच्याविषयी त्याला अपार श्रद्धा होती. पुढे त्यांचे शिष्य मुल्ला शाह यांच्याकडून त्याने कादिरी परंपरेची दीक्षा घेतली. त्याचे आरंभीचे ग्रंथ सूफी संतांची चरित्रे आणि सूफी साधना यांवरच आहेत.

४/१४
म्हणजे त्याचा प्रवास संशयातून सुरू झाला नव्हता. आपल्या परंपरेत तो खोलवर रुजलेला होता. सूफींचा ‘तौहीद’, म्हणजे परमसत्तेचे एकत्व, हा त्याच्या चिंतनाचा गाभा. सत्य जर एकच असेल, तर ते इतरांनाही गवसले असले पाहिजे, हा पुढचा प्रश्न त्याला त्या श्रद्धेतूनच पडला.

५/१४
१६५३ मध्ये कंदाहारची मोहीम फसल्यावर दारा लाहोरला परतला. तेथे बाबा लाल या वैष्णव साधूंशी त्याचे संवाद झाले. राजा आणि बैरागी समोरासमोर बसून आत्मा, मुक्ती, मूर्तिपूजा, गुरू अशा विषयांवर बोलत होते. ही प्रश्नोत्तरे फारसीत आजही उपलब्ध आहेत.

६/१४
दोन वर्षांनी, १६५५ च्या सुमारास, त्याचा ‘मज्मा-उल-बहरैन’ हा ग्रंथ सिद्ध झाला. नावाचा अर्थ ‘दोन समुद्रांचा संगम’. हा शब्दप्रयोग कुराणातून घेतलेला आहे. याच ग्रंथाचे संस्कृत रूप ‘समुद्रसंगम’ म्हणून प्रसिद्ध आहे.

७/१४
ग्रंथाची पद्धत लक्षात घेण्याजोगी आहे. त्यात उपदेश थोडा आणि परिभाषेची जुळणी अधिक. वेदान्तातील जागृती, स्वप्न, सुषुप्ती आणि तुर्या या चार अवस्थांसमोर दारा सूफींचे नासूत, मलकूत, जबरूत आणि लाहूत हे चार लोक ठेवतो. महाप्रलयासमोर महाकयामत. अजपाजपासमोर श्वासागणिक होणारे नामस्मरण.

८/१४
दोन्हीकडील ज्ञात्यांमध्ये जो भेद दिसतो तो केवळ शब्दांचा, हा त्याचा निष्कर्ष. येथे ‘ज्ञाते’ हा शब्द महत्त्वाचा. सर्व धर्म, सर्व आचार, सर्व श्रद्धा सारख्याच, असे तो म्हणत नाही. साधनेच्या शेवटच्या पायरीवर पोहोचलेल्यांचा अनुभव एक असतो, एवढेच त्याचे प्रतिपादन.

९/१४
या उत्तराची मर्यादाही त्याने स्वतःच आखली. हा ग्रंथ आपल्या आत्मानुभवानुसार, आपल्या कुटुंबीयांसाठी लिहिला असून दोन्ही समाजांतील सामान्य जनांशी आपल्याला कर्तव्य नाही, असे तो प्रस्तावनेत सांगतो. संगम होता, पण त्याच्या घाटावर मोजक्यांनाच प्रवेश होता. लोकांशी लोकभाषेत बोलणाऱ्या कबीरांचा मार्ग यापेक्षा वेगळा होता.

१०/१४
मग १६५७ मध्ये ‘सिर्र-ए-अकबर’ हे सुमारे पन्नास उपनिषदांचे भाषांतर सहा महिन्यांत पूर्ण झाले. प्रस्तावनेत दारा म्हणतो की कुराणात उल्लेखिलेला ‘गुप्त ग्रंथ’ म्हणजे उपनिषदेच होत. उपनिषदांचा याहून मोठा गौरव एका मुसलमान विद्वानाला करता आला नसता. पण हा गौरव कुराणाच्याच चौकटीतला होता. दुसऱ्याचा मार्ग खरा ठरवतानाही मोजपट्टी आपलीच राहते, ही अडचण दाराच्याही वाट्याला आली.

११/१४
त्याच वर्षी सप्टेंबरात शाहजहान आजारी पडला आणि वारसायुद्ध पेटले. मे १६५८ मध्ये सामूगढला दाराचा पराभव झाला. मार्च १६५९ मध्ये अजमेरजवळ देवराई येथे तो पुन्हा हरला. आश्रय देणाऱ्या मलिक जीवननेच त्याला पकडून दिले. ऑगस्ट १६५९ अखेर दिल्लीत त्याचा वध झाला.

१२/१४
औरंगजेबाच्या अधिकृत इतिहासात, ‘आलमगीरनामा’त, दारावर धर्मभ्रष्टतेचा ठपका आहे: त्याने हिंदूंच्या ग्रंथांना ईश्वरी मानले, अंगठीवर ‘प्रभू’ हे नाव कोरले. म्हणून ही केवळ ‘उदार विरुद्ध कट्टर’ अशी लढाई होती काय? तसे म्हणता येत नाही. तत्त्वचिंतनाशी फारसा संबंध नसलेला धाकटा भाऊ मुराद हाही १६६१ मध्ये मारला गेला. पराभूत दाराचा पाठलाग करणाऱ्या फौजेचे एक सेनापती मिर्झाराजे जयसिंह होते. पुढे १६६५ मध्ये पुरंदरचा तह घडवून आणणारे तेच. सिंहासनासाठी दाराचा मृत्यू आवश्यक होता. त्याच्या विचारांनी त्या मृत्यूला सोयीचे कारण पुरवले.

१३/१४
दाराचा ग्रंथ मात्र त्याच्यानंतरही प्रवास करीत राहिला. ‘सिर्र-ए-अकबर’ची प्रत फ्रेंच विद्वान आंकतिल-द्युपेरों याच्या हाती १७७५ मध्ये पडली. त्याने फारसीवरून केलेले लॅटिन भाषांतर १८०१–०२ मध्ये प्रसिद्ध झाले. १८१४ मध्ये ते जर्मन तत्त्ववेत्ता शोपेनहाउअरने वाचले आणि उपनिषदांचा तो आजन्म चाहता झाला. उपनिषदे युरोपला प्रथम विस्ताराने कळली ती दाराच्या फारसीमुळे.

१४/१४
भिन्न मार्ग एकाच ज्ञानापाशी पोहोचतात काय, याचा निवाडा इतिहासाच्या साधनांनी होत नाही. पण त्या प्रश्नाला कसे सामोरे जावे, याचा एक नमुना दाराच्या कामात सापडतो. ‘सगळे एकच’ म्हणून तो थांबला नाही. त्याने दुसऱ्या परंपरेच्या जाणकारांना समोर बसवले, तिचे ग्रंथ उघडले आणि एकेका संज्ञेचा अर्थ विचारला. त्याच्या काही जुळण्या आज अभ्यासकांना ओढूनताणून केलेल्या वाटतात. तरीही त्या तपासता येतात, कारण त्याने त्या शब्दाशब्दाने लिहून ठेवल्या आहेत. दिल्लीत हुमायूनच्या मकबऱ्याच्या आवारात त्याला दफन केले गेले. तेथील अनेक निनावी कबरींपैकी त्याची नेमकी कोणती, यावर आजही वाद आहे.